हायब्रिड गाडी ‘देईल त्या भावात’ का द्यायची? एका मेसेजला उत्तर

फोंडा, डिचोली, म्हापशाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात चार गोष्टी सांगितल्यात. हायब्रिडची, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या गाडीची, बॅटरी पाच वर्षांत संपते, तेव्हा एक्सचेंजला (जुनी देऊन नवी घेताना) शोरूमवाला देईल तो आकडा घ्यावा. एक्सचेंज केलं की नव्या गाडीवरचा कर वाचतो. बाहेर विकली तर १८ टक्के जीएसटी आपल्याला भरावा लागतो. आणि चावी दिली की जबाबदारी संपली. चारही गोष्टी चुकीच्या आहेत. माझ्या थोरल्या भावाने हे वाचून आपली प्लग-इन, म्हणजे सॉकेटला लावून चार्ज करायची हायब्रिड गाडी जवळजवळ देऊनच टाकली होती, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी बॅटरी. मेसेजने दोन वेगळ्या जातीच्या गाड्या एकाच दावणीला बांधल्यात. हायक्रॉस, हायरायडर, ग्रँड विटारा या गाड्यांचं हायब्रिड मॉडेल सॉकेटला लावता येत नाही. बॅटरी लहान असते आणि गाडी चालता चालता भरते. टोयोटा आणि मारुती त्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी होईल तेवढी वॉरंटी देतात. म्हणजे ‘संपलेली’ म्हणून जिचे पैसे कापले जातात, त्या पाच वर्षांच्या बॅटरीची तीन वर्षांची वॉरंटी बहुधा अजून शिल्लक असते.

प्लग-इन गाडी वेगळी. २०१६ मध्ये भारतात आलेल्या व्होल्वो एक्ससी ९० टी८ मध्ये ९.२ किलोवॅट-अवरची बॅटरी होती, घरच्या सॉकेटवर चार्ज होणारी. अशा बॅटरीत कंपनी काही भाग राखून ठेवते. पडद्यावर शून्य दिसलं तरी ती पूर्ण रिकामी होत नाही, त्यामुळे झीजही हळू होते. मुख्य म्हणजे ही झीज मोजता येते. भावाच्या गाडीचं व्हॅल्युएशन करायला आलेल्या माणसाने चार्जिंगची केबल हातातही न घेता बॅटरीपोटी अडीच लाख कापले होते. आम्ही त्याच रात्री गाडी पूर्ण चार्ज केली आणि सकाळी फक्त विजेवर फोंड्याहून पणजीकडे निघालो. म्हार्दोळ गेलं, बाणस्तारीचा पूल गेला, जुनं गोवें मागे पडल्यावर इंजिन सुरू झालं. किलोमीटरचे फोटो आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा बॅटरी रिपोर्ट समोर ठेवल्यावर तीच कपात साठ हजारांवर आली.

गोव्याच्या गाडीबद्दल गिऱ्हाइकाच्या काही शंका मात्र रास्त आहेत. कळंगुटच्या खाऱ्या वाऱ्याने गाडीचा तळ गंजतो. सांखळी-उसगावच्या लाल धुळीने बॅटरीला हवा देणारी जाळी तुंबते. रेंटला फिरलेली गाडी असेल, असाही संशय असतोच. म्हणून सर्व्हिसच्या वेळी लिफ्टवर चढवून तळाचे फोटो काढून ठेवा, जाळी साफ करून घ्या. दोन्ही चाव्या आणि केबल तयार ठेवा. केबल हरवली असेल तर तिचे पैसे कापणं योग्यच आहे.

कर वाचतो हे म्हणणं बहुतेक अमेरिकी व्हिडिओंतून आलं असावं. तिथल्या पुष्कळ राज्यांत जुन्या गाडीची किंमत वजा करून विक्रीकर लावतात. आपल्याकडे तसं नाही. जीएसटीच्या मूल्यांकन नियमांतला २७ वा नियम सांगतो की जुनी वस्तू घेऊन नवी दिली तरी कर नव्या वस्तूच्या पूर्ण बाजारभावावर लागतो. तेव्हा ‘टॅक्सचा फायदा’ म्हणून कोणी भाव पाडत असेल तर ऐकू नका.

इथेच खरी घासाघीस असते. जुन्या गाडीची किंमत, नव्या गाडीवरची सूट आणि एक्सचेंज बोनस (जुनी दिल्याबद्दल वरून मिळणारी रक्कम) हे तीन आकडे वेगवेगळे लिहून घ्या. समजा जुनीला चौदा लाख आणि नवीवर एक लाख सूट मिळतेय. दुसरीकडे जुनीला पंधरा, पण सूट काहीच नाही. खिशातून जाणारे पैसे तेवढेच, पण पंधराचा आकडा ऐकून माणूस खूश होतो. म्हणून आधी एक्सचेंजचं नावही न काढता नव्या गाडीचा भाव ठरवा, जुनीचा विषय मग काढा. प्लग-इनचा अंदाज इथल्या साध्या डीलरला येत नाही, तेव्हा त्याच कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या विभागाकडून आणि मुंबई, पुणे, बेंगळुरूच्या व्यापाऱ्यांकडून लेखी भाव मागवा. भावाने तीन मागवले. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात पावणेदोन लाखांचा फरक होता.

१८ टक्क्यांची भीती डिसेंबर २०२४ च्या जीएसटी कौन्सिलच्या बैठकीनंतर पसरली. तो कर जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने भरायचा आहे, तोही पूर्ण किमतीवर नाही, नफ्यावर. घरच्या वापराची गाडी विकणाऱ्या नोकरदाराला तो लागतच नाही.

जबाबदारीचा मुद्दा सर्वांत धोक्याचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईला मालक म्हणून बांधील. गाडी मध्ये किती हातांतून गेली याने फरक पडत नाही. एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरला गाडी दिल्याची सूचना फॉर्म २९ सी भरून आरटीओला ऑनलाइन देता येते. त्याची पोच हातात येईपर्यंत चावी देऊ नका. विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, तुमचा असतो. तो ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो. गाडी देताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या आणि नव्या गाडीच्या विम्याला लावा. भावाच्या शोरूमने याचा उल्लेखही केला नव्हता.