टॉपरशेजारी बसवलं म्हणून कुणी टॉपर होत नाही

बारावीचा निकाल लागून प्रवेशाची धावपळ सुरू झाली की नाशिकच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. त्यात चार दावे असतात. तुमचा मुलगा म्हणजे त्याच्या पाच जवळच्या मित्रांची सरासरी. म्हणून कच्च्या मुलाला टॉपरच्या संगतीत ठेवा, आपोआप वर येईल. ग्रुप स्टडी म्हणजे कॉलेज रोडवरचा टाइमपास, खरा अभ्यास एकट्याचाच. आणि मैत्रीला काय, डिग्रीनंतर अख्खं आयुष्य पडलंय. खाली हात जोडलेले आणि ‘प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा’.

यातलं सरासरीचं वाक्य अमेरिकन वक्ते जिम रॉन यांच्या नावावर सांगितलं जातं. ते व्याख्यानातलं वाक्य आहे, संशोधनाचा निष्कर्ष नव्हे. संगतीचा परिणाम होतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना रूममेट जवळपास चिठ्ठ्या टाकल्यासारखे मिळत. त्यामुळे हुशार मुलांनी हुशार मित्र निवडले, ही शंका तिथे उरत नाही. ब्रूस सॅसरडोट या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रूममेटचा मार्कांवर परिणाम दिसला, पण माफक. मुख्य विषय कोणता घ्यायचा, यावर तर दिसलाच नाही. म्हणजे मित्राचा थोडाफार रंग लागतो. त्याची मार्कशीट काही आपल्या नावावर होत नाही.

खरी गंमत दुसऱ्या दाव्याची, कारण तो कुणीतरी प्रत्यक्ष करून पाहिलाय. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत नवी मुलं स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे गटांत, विभागली जातात. राहणं, जेवण, अभ्यास सगळं तिथेच. आधीच्या तुकड्यांच्या आकडेवारीत कच्च्या मुलांना हुशार सोबत्यांचा फायदा होताना दिसत होता. मग कॅरेल, सॅसरडोट आणि वेस्ट या संशोधकांनी काही स्क्वाड्रन मुद्दाम तसेच रचले: कच्ची मुलं आणि खूप हुशार मुलं एकत्र, मधली वेगळी. कच्च्यांचे मार्क वाढायला हवे होते. ते कमी झाले! जिथे अशी रचना केली नव्हती, तिथल्या कच्च्या मुलांनी यांच्यापेक्षा बरं केलं. कारण शोधलं तेव्हा दिसलं, की एकाच स्क्वाड्रनमध्ये हुशारांचा एक कंपू झाला आणि कच्च्यांचा दुसरा. मधली मुलं, जी एरवी दोघांना सांधतात, ती तिथे नव्हतीच. हा अभ्यास २०१३ सालचा. शेजार लावून देता येतो, मैत्री लावून देता येत नाही, हे आपल्याकडे मुलाची बॅच बदलून घ्यायला ऑफिसात खेटे घालणाऱ्या बापाला कोण सांगणार?

आता ग्रुप स्टडी. कॉलेज रोडला संध्याकाळी चक्कर मारली तर मेसेज लिहिणाऱ्याचा राग समजतो. पुस्तक बॅगेत, चहा हातात. पण एकट्यानं केलेला अभ्यासच खरा, हे कुठून आलं? कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात १९७०च्या दशकात गणिताचे अभ्यासक उरी ट्रीझमन यांना प्रश्न पडला, की कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे का पडतात आणि चिनी वंशाचे पुढे का जातात. मेहनत कमी पडत नव्हती. पहिले खोलीत एकटे झटत होते. दुसरे आधी एकेकटे अभ्यास करत, मग एकत्र जमून एकमेकांची उत्तरं तपासत, न सुटलेल्या गणितावर भांडत. आधी एकटं, मग मिळून, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. नुसतं मिळून बसलं तर मेसेजवाल्याचं म्हणणं खरं ठरतं.

आणि त्या घोळक्यात टॉपर असलाच पाहिजे असंही नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात जनुकशास्त्राच्या वर्गावर झालेला एक अभ्यास २००९ साली ‘सायन्स’मध्ये आला. गटात कुणालाच उत्तर माहीत नसलं, तरी चर्चेनंतर त्याच धर्तीचा नवा प्रश्न बऱ्याच मुलांना सुटला. नाशिकच्या केटीएचएम किंवा आरवायके कॉलेजच्या वर्गात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली पेठ-सुरगाण्याची मुलं असतात. इंग्रजीतून झालेलं एन्ट्रॉपीचं लेक्चर मधल्या सुट्टीत एकमेकांना मराठीत, कधी कोकणा बोलीत सांगताना ते पक्कं होतं. नुकतंच समजलेल्याला अडतं कुठे ते ताजं आठवत असतं. वीस वर्षं तोच धडा शिकवणारे सर ती अडचण कधीच विसरलेले असतात.

मैत्री डिग्रीनंतर, हा दावा फार वेळ घेण्यासारखा नाही. ज्याच्या घरात कॉलेज पाहिलेलं कुणी नाही, त्याला महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, परीक्षा फॉर्मला लेट फी कधीपासून, केटी, म्हणजे नापास झालेला विषय, राहिली तर पुढच्या वर्षात जाता येतं का, हे बहुतेक वेळा मित्रच सांगतो. घरी बसून शिकणाऱ्यांसाठी १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशिकजवळ आपल्याच गोवर्धनला आहे. त्यांनीही नुसती पुस्तकं देऊन सोडलं नाही. अभ्यासकेंद्रं आणि संपर्कसत्रं ठेवली. नोकरी, घर सांभाळून तिथे येणाऱ्या बायका पहिल्याच सत्राला एकमेकींचे नंबर घेतात. डिग्री हातात पडेपर्यंत थांबून मग ओळख काढावी, असं त्यांच्यातल्या कुणाला सुचत नाही.