घरात गाणं चालू असताना बातम्या कशा लावाव्यात

तुमच्या जोडीदाराला संध्याकाळी गाणं लावून नुसतं बसायची सवय आहे का? म्हणजे हातात फोन नाही, समोर स्क्रीन नाही, डोळे मिटलेले, आणि मध्येच कोणी काही न बोलता 'वा!'? मग वेळीच लक्ष घाला. जगात एवढं काय काय चाललंय आणि घरातलं एक माणूस एकाच रागात तासभर अडकून पडलंय, हे काही बरं लक्षण नाही. त्याला बाहेर काढणं तुमचं कर्तव्य आहे. खाली दिलेले उपाय खात्रीचे आहेत. ते करणारा माणूस माझ्याच घरात राहतो आणि त्याला अजून एकदाही अपयश आलेलं नाही.

सगळ्यात आधी, परवानगी मागू नका. 'लावू का?' असं विचारलंत की समोरून 'थांब ना जरा' येण्याची शक्यता असते. त्यापेक्षा 'दोनच मिनिटं, हेडलाइन्स बघतो' म्हणा आणि लावून मोकळे व्हा. ही दोन मिनिटं घड्याळातली नसतात, हे सोबत राहणाऱ्याला एव्हाना कळलेलं असतं.

वेळ मात्र नीट निवडा. गाणं सुरू होतानाच बातम्या लावल्यात तर काय उपयोग? तेव्हा ऐकणाऱ्याचं काहीच गुंतलेलं नसतं. त्याला आधी आत जाऊ द्या. परवा आमच्याकडे गायक अमीर खाँसाहेबांचा मारवा चालू होता. मारवा सूर्यास्ताचा राग. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम नाहीच. आणि ज्याच्यावर सगळं उभं असतं तो षड्ज, म्हणजे सा, गायक हट्टानं टाळत राहतो. धैवत आणि रिषभ यांच्या मध्ये फिरत राहायचं, सा जवळ आला की त्याला वळसा घालून पुढे जायचं. त्यात झुमरा तालाच्या चौदा मात्रा इतक्या संथ की दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत माणसानं आख्खा दिवस आठवून घ्यावा. ऐकणाऱ्याचा सगळा जीव त्या एका सा साठी टांगलेला असतो. तो परवा कसा आला ते मला सांगता येणार नाही, कारण बरोब्बर त्याच क्षणी हॉलमधून 'धडाम्' असा आवाज झाला आणि एक बाई किंचाळली, 'या क्षणाची सगळ्यात मोठी बातमी!'

बातमी अशी होती की एक पुढारी आपल्या गाडीत बसले होते. गाडी निघालेली नव्हती. ती निघेल का, आणि निघाली तर डावीकडे वळेल की उजवीकडे, यावर चौघंजण बोलत होते.

याला म्हणतात टायमिंग. तबलजीला आयुष्यभर रियाज करून जे जमत नाही, ते नुसत्या रिमोटनं जमतं.

हेडफोन भेट द्या. मग ते कानावर असताना खांदा हलवून विचारा, 'ऐकतेस ना?'

गाण्याच्या ॲपवर दोघांत एकच खातं ठेवा, म्हणजे भीमपलासनंतर आपोआप 'आजचा महासंग्राम' लागेल.

कधी 'काय चाललंय हे?' असं विचारावंसं वाटलं, तर आ कारातल्या आलापाची नक्कल करत विचारा. हा विनोद दर वेळी नवा असतो.

आता मुख्य उपाय, म्हणजे रात्रीची चर्चा. ही रोज बघितलीच पाहिजे. पडद्यावर आठ चौकोन, आठ डोकी, मधोमध अँकर, खाली एक पट्टी डावीकडे पळतेय, तिच्या खाली दुसरी, कोपऱ्यात घड्याळ, दुसऱ्या कोपऱ्यात ज्वाळा. ज्वाळा कशाच्या, ते कोणी विचारत नाही. आठही जण एकदम बोलतात, अँकर त्या आठांच्या वरून 'एकेकानं बोला' असं ओरडतो, आणि या सगळ्याच्या मागे एक ढोल चाललेला असतो. हा ढोल नीट ऐका. त्याला ताल नाही, सम नाही, सुरुवात नाही, शेवट नाही. खून असो, बजेट असो, पाऊस असो, तोच ढोल. बातमी गंभीर आहे हे बातमीवरून कळत नसेल तर ढोलावरून कळावं, अशी ती सोय असावी. मला राग याचाच जास्त येतो. माझं गाणं बंद करायला लावून हे लोक स्वतः मात्र चोवीस तास संगीत वाजवतात, आणि तेही असलं!

बातम्यांना संगीत पूर्वीही होतं. आकाशवाणीची ती सकाळची धून वॉल्टर कॉफमन नावाच्या संगीतकारानं बांधली. तो युरोपातून जीव वाचवून 1930च्या दशकात मुंबईला आलेला ज्यू माणूस, आणि धून बांधली ती शिवरंजनीच्या सुरांत. मग धून थांबायची आणि बातम्या देणारं माणूस माणसासारखं बोलायचं. बातम्या संपायच्या. संपायच्या, हे महत्त्वाचं. याच रेडिओनं 1940 साली हार्मोनियमवर बंदी घातली होती. कारण काय, तर तिचे सूर जागच्या जागी ठोकलेले असतात, एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही. तीसेक वर्षं बिचारी पेटी रेडिओच्या स्टुडिओबाहेर उभी होती. ती बंदी चूक होती असं माझं मत आहे, पण निदान कान शाबूत असलेल्या माणसांनी केलेली चूक होती! आज स्टुडिओत आठ माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातात आणि कोणाला कानाचा प्रश्नच पडत नाही.

आणखी एक गोष्ट सांगते. 18 एप्रिल 1930. बीबीसी रेडिओवर संध्याकाळच्या बातम्यांची वेळ झाली. निवेदकानं सांगितलं की आज बातमी नाही. झालं. उरलेल्या वेळात पियानो वाजवला. कोणी राजीनामा दिला नाही, कोणी 'बातमी का नाही, देशाला उत्तर हवंय' म्हणून चर्चा लावली नाही. सांगण्यासारखं काही नाही, तर पियानो ऐका. इतकं साधं! माझ्या मते प्रसारणाच्या इतिहासातला तो सर्वांत प्रामाणिक दिवस. पुढे 1980 साली अमेरिकेत सीएनएन ही वाहिनी सुरू झाली, चोवीस तास बातम्या. मग 2001 साली 11 सप्टेंबरला अमेरिकेतल्या वाहिन्यांनी पडद्याखाली ती पळती पट्टी लावली, कारण त्या दिवशी बातम्या खरोखरच मावत नव्हत्या. तो दिवस गेला, पट्टी राहिली. आता मावत नाहीत अशा बातम्या नसतात, पण चोवीस तास तर भरायलाच हवेत. म्हणून गाडीत बसलेला पुढारी. म्हणून ज्वाळा. म्हणून तेच दृश्य गोल गोल फिरवून पंचवीस वेळा, आणि दर वेळी 'सर्वप्रथम आमच्याकडे'. सर्वप्रथम म्हणे!

हो, उपाय सांगत होते. चर्चा बघून झाली की तिचा घरात वापर करा. आमच्याकडे हल्ली 'लाइट बिल भरलं का?' हा प्रश्न 'हो किंवा नाही, एका शब्दात उत्तर हवंय' या सुरात येतो. मी 'अरे, साइट बंद होती म्हणून…' असं सुरू केलं की 'म्हणजे नाही!' असा निकाल लागतो. मग 'तू विषयाला बगल देतेयस' हेही होतं. परवा त्यानं मला 'गेल्या महिन्यात तू गप्प का होतीस?' असंही विचारलं. मी गप्प नव्हते. मी बोलत होते. टीव्ही चालू होता.

गाणं ऐकणारेही काही संत नसतात, हे मान्य. समेच्या वेळी कोणी खोकलं तर डोळे वटारणारे आहेत, कुठल्या घराण्याची कुठली जागा यावर तासभर किरकिर करणारे आहेत. त्यांच्याबरोबर संसार करणं हाही छळच. पण तो निदान हळू आवाजातला असतो.

जोडीदार फारच कुरकुर करायला लागला तर त्याला गायिका केसरबाई केरकरांचं उदाहरण द्या. त्यांच्या भैरवीचं ध्वनिमुद्रण 1977 साली नासाच्या व्हॉयेजर यानांवर सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीत बसवून अवकाशात पाठवलं. पृथ्वीवरून निवडलेल्या थोडक्या संगीतात ती एक. त्यातलं पहिलं यान 2012 साली सूर्याच्या वाऱ्याचं क्षेत्र ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात गेलं. केसरबाई तिथवर पोचल्या. स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत पोचत नाहीत. समजवा त्याला, की परग्रहावर राहायला जा, तिथे शांतपणे ऐक.

आणि बातम्या नकोत असं मी कधी म्हटलं? मी सकाळी पेपर वाचते. अर्धा तास लागतो. धरणात पाणी किती आलं, कोर्टानं काय म्हटलं, कुठली परीक्षा पुढे ढकलली, सगळं कळतं आणि पेपर माझ्या अंगावर ओरडत नाही. तुम्ही रात्री दोन तास ते बघता. मागच्या महिन्यात ज्या विषयावर तुम्ही सोफ्यावरून उठून उभे राहिला होतात, त्याचं पुढे काय झालं? सांगा ना. चौकशी लागली होती, अहवाल येणार होता, आला का? माहीत नाही. वाहिनीनं सोडून दिलं, तुम्हीही सोडून दिलंत. मग तुम्ही बातम्या बघत नाही आहात. तुम्ही भांडण बघताय. दुसऱ्यांचं, पैसे देऊन, मोठ्या आवाजात, आणि वर घरातल्या माणसाला 'तुला जगाची पर्वाच नाही' असं ऐकवताय. लाज वाटत नाही? ते आठजण जाहिरात लागली की एकमेकांशी हसत बोलत असतील, आणि तुम्ही इथे दात-ओठ खात बसलाय. झोप तुमची उडते, बीपी तुमचं वाढतं. ती बाई किंचाळते कारण तुम्ही समोर बसता. नाही बसलात तर ती उद्यापासून हळू बोलेल, धंदा आहे तिचा.

त्यामुळे आता पुरे. आवाज कमी करू नका, बंद करा तो टीव्ही. रिमोट खाली ठेवा. शेजारी बसलेल्या माणसानं मघाशी तुम्हाला काहीतरी विचारलंय, त्याचं उत्तर द्या. आणि 'हं' म्हणजे उत्तर नव्हे.