९५ टक्के निकाल, पण किती मुलांपैकी? फार्मसीच्या त्या मेसेजला उत्तर

"फार्मसी कॉलेजांची बदनामी थांबवा" अशा हेडिंगचा एक मेसेज सध्या फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय की जागा वाढल्या म्हणजे मुलांची संधी वाढली, कॉलेजांचे निकाल ९०-९५ टक्के लागतात म्हणजे शिकवणं उत्तमच आहे, ज्यांना वायडी (इयर डाऊन, म्हणजे विषय राहून वर्ष वाया जाणं) लागतो ती मुलं मुळात अभ्यासच करत नाहीत, सुप्रीम कोर्टानेसुद्धा नवीन कॉलेजांच्या बाजूने निकाल दिलाय, आणि फार्मासिस्टला नोकरीची गॅरंटी आहे. एरवी मी असल्या फॉरवर्डच्या नादी लागत नाही. पण हा आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकला, खाली धडाधड अंगठे पडले, आणि त्याच ग्रुपवर माझी आतेबहीण आहे जिचं याच वर्षी बी.फार्मला इयर डाऊन झालंय. म्हणजे तिच्या सख्ख्या मामानेच तिला आळशी ठरवलं. ती काही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडली. मी स्वतः बी.फार्म आहे, हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करतो, त्यामुळे आता गप्प बसणार नाही.

आधी त्या ९५ टक्क्यांचं बघू, कारण सगळा मेसेज त्याच्यावरच उभा आहे. कॉलेजच्या फ्लेक्सवर जो निकाल छापतात तो शेवटच्या वर्षाला परीक्षेला बसलेल्या मुलांचा असतो. चार वर्षांपूर्वी ॲडमिशन घेतलेल्यांचा नसतो. समजा १०० जण पहिल्या वर्षाला आले, दुसऱ्या वर्षाला डिप्लोमावाले १० जण लॅटरल एंट्रीने आले, झाले ११०. शेवटच्या परीक्षेपर्यंत वेळेत पोचले ६४, त्यातले ६१ पास. ६४ पैकी ६१ म्हणजे ९५ टक्के, लावला फ्लेक्स. पण ११० पैकी ६१ म्हणजे ५५ टक्के होतात! मधली ४६ मुलं कुठे गेली? कोण वायडीत अडकलं, कोण सोडून गेलं, कोणी फी भरून भरून घरच्यांना तोंड दाखवायचं बंद केलं. ती कोणाच्याच टक्केवारीत नाहीत. उलट जितकी कच्ची मुलं मधेच गळतील तितका शेवटचा निकाल चांगला दिसतो, मग त्यांना सावरण्यात कॉलेजला फायदा काय?

आणि हे मी हवेत बोलत नाहीये. केंद्र सरकारचं एनआयआरएफ रँकिंग २०१६ पासून आहे आणि पहिल्या वर्षापासून त्यात फार्मसीची वेगळी यादी आहे. त्यात भाग घेणाऱ्या कॉलेजला भरलेली माहिती वेबसाईटवर टाकावी लागते, साधी पीडीएफ असते. ती उघडा आणि प्लेसमेंट अँड हायर स्टडीज नावाचा तक्ता शोधा. त्यात एका ओळीत असतं की पहिल्या वर्षाला प्रत्यक्षात किती मुलं घेतली, लॅटरलने किती आली, आणि ठरलेल्या किमान मुदतीत किती जण पदवी घेऊन बाहेर पडले. बी.फार्मसाठी ती मुदत चार वर्षं. तिसरा आकडा भागिले पहिल्या दोघांची बेरीज, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. माहिती कॉलेजनेच भरलेली असते हे मान्य, पण फ्लेक्सपेक्षा शंभरपटीने कामाची आहे. एनबीए म्हणजे कोर्सचा दर्जा तपासणारं राष्ट्रीय बोर्ड, त्याचं ॲक्रेडिटेशन घेतानाही ॲडमिशन घेतलेल्यांपैकी किती जण एकही बॅकलॉग न लागता वेळेत पास झाले हे वेगळं मोजतात. म्हणजे खरा हिशोब कसा करायचा हे कॉलेजांना नीट माहिती आहे, फक्त तो पालकांना सांगत नाहीत.

असा आकड्यांचा खेळ फक्त आपल्याकडेच होतो असं नाही. जपानमध्ये फार्मसीचा कोर्स २००६ पासून सहा वर्षांचा झाला, कॉलेजंही भराभर वाढली, आणि काही खाजगी विद्यापीठांवर आरोप झाले की लायसन्सच्या परीक्षेचा निकाल घसरू नये म्हणून ती कच्च्या मुलांना शेवटच्या वर्षातच अडकवून ठेवतात. आता तिथलं शिक्षण मंत्रालय किती मुलं आत आली आणि किती सहा वर्षांत बाहेर पडली हे विद्यापीठाच्या नावासकट जाहीर करतं. आपल्याकडे साधा ॲडमिशनच्या माहितीपुस्तकात हा आकडा नसतो.

आता "वायडीवाली मुलं आळशी" या मुद्द्याकडे येतो. हे वाचून माझं डोकंच फिरलं. बी.फार्मचा नियम ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिल्या आणि दुसऱ्या सेमिस्टरचे सगळे विषय सुटल्याशिवाय पाचव्या सेमिस्टरला बसता येत नाही. एक विषय राहिला तरी वर्ष जातं. सातव्याला जायचं तर पहिली चारही सेमिस्टर क्लिअर हवीत. माझ्या बहिणीचं काय झालं? दुसऱ्या सेमिस्टरची ऑरगॅनिक केमिस्ट्री, फक्त तेवढी एक राहिली. त्या सेमिस्टरला त्या विषयाला दोन महिने शिक्षकच नव्हते, मग शेवटी कोणीतरी दुसऱ्या विषयाच्या मॅडम आल्या आणि पीपीटी ग्रुपवर टाकून मोकळ्या झाल्या. प्रॅक्टिकलला एका टेबलाभोवती इतकी गर्दी की टेस्ट एक जण करणार आणि बाकीचे जर्नलमध्ये त्याचंच निरीक्षण उतरवणार, टेस्ट ट्यूब हातात येण्याआधी तास संपलेला. थिअरीला पास व्हायला १०० पैकी ५० लागतात, आणि त्या १०० मधले २५ इंटर्नलचे, जे कॉलेजच्या हातात. शिकवलं नाही कॉलेजने, इंटर्नल कमी दिले कॉलेजने, आणि आळशी कोण तर ही. वर्ष गेलं म्हणून तिची स्कॉलरशिपही थांबली आणि आत्याने फीसाठी पतसंस्थेतून कर्ज काढलं.

काही मुलं खरंच लेक्चरला येत नाहीत, परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडतात, हे मी नाकारत नाही, माझ्या वर्गातही होती. पण प्रत्येक वर्गात असणारी चार-पाच मुलं वेगळी आणि निम्मा वर्ग वेळेत बाहेर न पडणं वेगळं. निम्मा वर्ग अडकत असेल तर दोष त्या सगळ्यांच्या मोबाईलचा कसा?

"जागा वाढल्या म्हणजे संधी वाढली" यात अर्धं खरं आहे, तेही देतो. तालुक्याच्या ठिकाणी कॉलेज निघालं म्हणून कितीतरी मुली शिकल्या, ज्यांना घरच्यांनी शहरात पाठवलं नसतं. पण जागा म्हणजे नुसतं बाक नाही. सीईटीला शून्यापेक्षा जास्त मार्क असले की बी.फार्मच्या ॲडमिशनला पात्र ठरतो, डिप्लोमाला तर बारावीच्या मार्कांवरच मिळतं. ठीक आहे, दार उघडं ठेवा, माझी हरकत नाही. पण मग आत घेतलेल्या कच्च्या मुलाला पहिल्या सेमिस्टरपासून आधार देण्याची जबाबदारी घ्या. फी १०० जणांची घ्यायची, शिक्षक ५० जणांपुरते ठेवायचे आणि राहिलेल्यांना "तुमची कुवत नव्हती" म्हणायचं, हा त्या मुलांवर सरळ अन्याय आहे. कुवत नव्हती तर ॲडमिशनच्या वेळी फोन करकरून का बोलावलं?

सुप्रीम कोर्टाबद्दल जे लिहिलंय ते दिशाभूल करणारं आहे. फार्मसी कॉलेजांना मान्यता देणाऱ्या फार्मसी कौन्सिलनेच २०१९ मध्ये ठराव करून २०२०-२१ पासून पाच वर्षं नव्या कॉलेजांवर बंदी घातली होती, का तर कॉलेजं भरमसाट झाली म्हणून. कॉलेजं कोर्टात गेली, आधी हायकोर्टाने आणि मग सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती बंदी रद्द ठरवली. कारण काय? संस्था काढण्याच्या हक्कावर असा निर्बंध नुसत्या ठरावाने घालता येत नाही, त्याला कायद्याचा आधार लागतो. आणखी कॉलेजं हवीत असं कोर्टाने कुठेही म्हटलेलं नाही. कौन्सिलने घातलेली बंदी पद्धत चुकल्यामुळे गेली, आणि मेसेजवाल्यांनी त्याचं सर्टिफिकेट करून टाकलं!

नोकरीच्या गॅरंटीवर फार लिहीत नाही. औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच द्यायचं असा कायदा आहे, १९४८ च्या फार्मसी ॲक्टचं कलम ४२, पण प्रत्यक्षात कितीतरी दुकानांत सर्टिफिकेट भिंतीवर आणि काउंटरला दुसराच माणूस असतो हे सगळ्यांना माहिती आहे. सर्टिफिकेट भाड्याने देऊन महिन्याला मिळणाऱ्या पैशाला नोकरी म्हणायचं असेल तर म्हणा. डिप्लोमावाल्यांना तर आता रजिस्ट्रेशनसाठी एक्झिट एक्झाम आलीये, पहिली ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली, तीन पेपर आणि प्रत्येकात ५० टक्के. म्हणजे कॉलेजने पास केलेला मुलगा शिकलाय की नाही हे सरकारला परत तपासावं लागतंय. मेसेजमध्ये याचा उल्लेखच नाही.

ग्रुपवर मी काकांना हेच सगळं लिहिलं आणि बहिणीच्या कॉलेजची पीडीएफ जोडली. त्यांनी मेसेज डिलीट केला, तिला फोन मात्र अजून केलेला नाही, तो त्यांनी करावा. आणि ज्यांच्या घरी यंदा कॅप राऊंडचा ऑप्शन फॉर्म भरायचाय त्यांनी कॉलेजला दोनच आकडे विचारा, चार वर्षांपूर्वी किती घेतले आणि त्यातले किती वेळेत बाहेर पडले. पीडीएफ नसेल तर ऑफिसमध्ये जाऊन विचारा, लेखी मागा. टाळाटाळ झाली तर ते कॉलेज यादीत खाली टाका.