एकलकोंड्यांनी संशोधनात जावं?

‘माणसांत रमणाऱ्याने डॉक्टर व्हावं, एकलकोंड्याने संशोधनात जावं’ हे डॉक्टर व्हावं की संशोधक, यावरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. मी पेशीजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. इनक्यूबेटर, मायक्रोस्कोप सगळं सामायिक. दिवसभर कुणाशी ना कुणाशी बोलणं, वेळा ठरवणं, प्रसंगी हुज्जत घालणं चालूच. एकांत हवा म्हणून येणाऱ्याची पार निराशा होईल.

खरा फरक उत्तर कधी मिळतं याचा आहे. माझी डॉक्टर मैत्रीण अँटिबायोटिक सुरू करते आणि दोन-तीन दिवसांत तिला कळतं, ताप उतरतोय की नाही. मी डीएनएचे तुकडे वेगळे करणारी जेल यूव्हीखाली ठेवते, तर बँड, म्हणजे डीएनएची चमकणारी पट्टी, दिसतच नाही. मग चूक प्रायमरची (डीएनएच्या प्रती काढायला लागणाऱ्या छोट्या तुकड्याची), तापमानाची की मूळ कल्पनेचीच, हे शोधण्यात कधी कधी महिने जातात. हे सोसवेल का, ते आधी बघावं. शिवाय या वाटा इतक्या वेगळ्या तरी कुठे आहेत? पोटातल्या अल्सरमागचा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू शोधणारे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन दोघेही डॉक्टरच. वॉरन यांना तो बायोप्सीच्या स्लाइड तपासताना दिसला, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. लेखात एमडी-पीएचडीचा, म्हणजे डॉक्टरकी आणि संशोधन दोन्ही एकत्र शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाचा, साधा उल्लेखही नाही, हे मात्र खटकलं.