क्षयरोगाची सीलं पाण्यात बुडवू नका

जुन्या पत्रांवर दुहेरी आडव्या रेघांचा क्रूस असलेले जे छोटे रंगीत कागद दिसतात, ती क्षयरोगाविरुद्धच्या कामासाठी देणगी म्हणून विकली जाणारी सीलं. पण ती भारत सरकारची दुर्मीळ टपाल तिकिटे असून परदेशात एकेकाला लाखो रुपये मिळतात, असा संदेश सध्या फिरत आहे. ती कोमट पाण्यात सोडवून वहीत चिकटवावीत, कोरी असल्यास आजही पत्राला लावावीत आणि विक्रीसाठी संदेशाखाली दिलेल्या क्रमांकावर शुल्क भरून नोंदणी करावी, असेही त्यात म्हटले आहे. तो संदेश माझ्या मावशीपर्यंत पोहोचला आणि तिने काकांची जपून ठेवलेली काही पाकिटे परातीत भिजत घातली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत घातक सल्ला पाण्याचा आहे. सुटे सील फार तर कोणत्या वर्षीचे आहे एवढेच सांगते. पाकिटावरचे सील मात्र ते कोणत्या गावातून, कोणत्या तारखेला आणि कोणासाठी गेले हेही सांगते. भिजलेल्या पाकिटांपैकी एकावर टपाल तिकिटाला लागूनच सील होते आणि मिरजेचा काळा गोल शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा सीलवर उमटला होता. मिरजेजवळच्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या पाकिटाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. आता सीलवर शिक्क्याची एक कमान उरली आहे, तिकिटावर दुसरी, आणि पाकिटावरची शाई फुटून पत्ताही वाचता येत नाही. शिक्का दोन्हींवर पसरलेला असणे हाच ते सील त्या पत्रासोबत खरोखर गेल्याचा पुरावा असतो, आणि जाणकार संग्राहक तोच आधी पाहतात. वहीत डिंकाने चिकटवल्यावर तर उरलेसुरलेही जाते.

ही टपाल तिकिटे नाहीत. १९०४ मध्ये डेन्मार्कमधील आयनार होल्बॉल या टपाल कारकुनाने क्षयरोगी मुलांच्या उपचारांसाठी नाताळच्या पत्रांवर एक जादा सील लावण्याची कल्पना मांडली, आणि पहिल्याच नाताळात अशी चाळीस लाखांहून अधिक सीलं खपली. १९०७ मध्ये अमेरिकेत एमिली बिसेल यांनी तीच कल्पना उचलली. आपल्याकडे ही सीलं काढते ती १९३९ मध्ये स्थापन झालेली ट्यूबरक्युलोसिस असोसिएशन ऑफ इंडिया, आणि तिची सील मोहीम दरवर्षी २ ऑक्टोबरला सुरू होते. सील घेणे म्हणजे देणगी देणे. टपालखर्चाचे तिकीट वेगळे लावावेच लागते. नुसते सील लावलेले पत्र नॉटपेड ठरते आणि घेणाऱ्याला दुप्पट भुर्दंड पडतो.

सरकारने मदतीसाठी तिकिटे काढलीच नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही, एवढे मान्य करायला हवे. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून पत्रांवर पाच पैशांचे जादा तिकीट सक्तीचे झाले, आणि त्यासाठी आधीच्या कुटुंब नियोजनाच्या तिकिटावरच ‘शरणार्थी सहायता’ अशी अक्षरे छापली गेली. ती खरी टपाल तिकिटे होत. पण त्यांचा आधार घेऊन एका खासगी संस्थेच्या सीलांना सरकारी ठरवता येत नाही.

राहिला लाखांचा प्रश्न. स्कॉट या तिकीटसूची काढणाऱ्या प्रकाशनाच्या अमेरिकी तिकिटांच्या विशेष सूचीत नाताळची सीलं टपाल तिकिटांपासून वेगळ्या विभागात, डब्ल्यूएक्स या अक्षरांच्या क्रमांकाखाली दिली आहेत, आणि नंतरच्या काळातील बहुतेकांची किंमत अगदी नाममात्र आहे. कारण साधे आहे: देणगी जमवायची तर सीलं भरमसाट छापावीच लागतात. सुरुवातीच्या काळातील काही मोजक्या सीलांना चांगली किंमत येते, हे खरे. पण ती ठरते सीलची स्थिती आणि ते ज्या पाकिटावर आहे ते पाहून, फोनवरून नव्हे. जुन्या नाणी-नोटांच्या विक्रीसाठी शुल्क, कमिशन किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. या संदेशातील नोंदणी शुल्काचा प्रकारही तोच आहे. त्या क्रमांकावर एक पैसाही पाठवू नये आणि घरातील पाकिटे जशी आहेत तशीच कोरडी ठेवावीत.