मला पाहिजे आणि पीठ

चिनी शिकायला लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात जी दहा-बारा अक्षरं आली, त्यातलं एक इतकं गरीब दिसायचं की ते कधी दगा देईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. डावीकडे शेतात उभं पीक, उजवीकडे चौकोनी तोंड. अर्थ 'आणि'. उच्चार 'हअ', सूर खालून वर, म्हणजे फोनवर नीट ऐकू आलं नाही की आपण करतो तसा. मी आणि तू, चहा आणि बिस्किट. पुण्यातल्या आमच्या बाईंनी वर गोष्टही सांगितली होती: धान्य तोंडाशेजारी आलं की घरात शांतता नांदते, म्हणून याच अक्षराचा दुसरा अर्थ शांती, सलोखा. (पीक तिथे निव्वळ उच्चार सुचवायला उभं आहे, हे पुढे कळलं. पण इतकी गोड गोष्ट मोडवत नाही.)

मग कंपनीने सुचौला पाठवलं, आणि हे अक्षर जिथे तिथे भेटू लागलं. शांघायहून जिने आलो त्या वेगवान गाडीच्या नाकावर 'सलोखा' लिहिलेलं. बेजिंगच्या राजवाड्यातल्या तीन मुख्य दालनांच्या नावांत तेच. 2008च्या ऑलिंपिकच्या उद्घाटनाला छपाईच्या खिळ्यांसारखे ठोकळे वरखाली करून शेकडो माणसांनी जगाला दाखवलं ते हेच. गावात ओळखीचा माणूस मंत्री निघावा तसा मला अभिमान वाटला.

हा अभिमान किराणा दुकानात उतरला.

मी शाकाहारी. तीन आठवडे वाफवलेल्या पालेभाज्यांवर काढल्यावर पोळीची आठवण अनावर झाली. मोबाईलवर कणकेची कृती शोधली. मथळ्यात दोनच अक्षरं, पहिलं आपलं, दुसरं पिठाचं. संदर्भावरून कळलं की ही जोडी म्हणजे 'कणीक मळणे'. आता अडचण कसली? दुकानात जाऊन खड्या आवाजात म्हणालो, "मला कणीक मळायचीय." निदान मला तसं वाटलं. दुकानदाराला ऐकू आलं, "मला पाहिजे आणि पीठ."

तो थांबला. साहजिकच थांबला. 'आणि'च्या आधीचं काहीतरी यायचं राहिलं असणार, म्हणून सभ्यपणे वाट पाहत राहिला. मी पुन्हा म्हणालो, "आणि पीठ." त्याने तांदळाकडे बोट केलं. "तांदूळ आणि पीठ?" मी मान हलवली. त्याने अंडी दाखवली. मग तेल, मग मीठ. मागे रांग साचली आणि रांगेतली माणसंही सुचवू लागली. शेवटी मी दोन्ही मुठींनी हवेत कणीक तिंबून दाखवली, तेव्हा मागून एक आजीबाई म्हणाल्या, "हुओ! हुओ!" आणि सगळं दुकान सुटकेच्या श्वासाने "हुओऽऽ" म्हणालं.

घरी येऊन शब्दकोश उघडला. तिथली शाळकरी पोरं दप्तरात नेतात तो, लाल-बिल पुठ्ठ्याचा, छोटासा. माझ्या गरीब अक्षराचे पाच उच्चार! 'हअ' चढत्या सुरात: आणि, शांती. 'हअ' पडत्या सुरात: कुणाच्या गाण्याला सूर देणे, कुणाच्या होला हो म्हणणे. 'हुओ' चढत्या सुरात: पाणी घालून मळणे. 'हुओ' पडत्या सुरात: कालवणे. आणि एक 'हू', त्याची कथा पुढे. याखेरीज कुठेकुठे बिनसुराचा एक पुटपुटता 'हुओ', तो वेगळाच.

माझी घरमालकीण मूळची शांतुंगची, म्हणजे गव्हाच्या मुलखातली. तिकडे अशा बाईला 'आयी' म्हणतात. म्हणजे मावशी. पण कानाला ते 'आई'च लागतं, आणि ओरडण्याची पद्धतही तीच. ती मला 'श्याओ पा' म्हणते, धाकटा पा. पाध्ये आडनावातलं तेवढंच तिच्या तोंडात मावतं. मी आणलेलं पीठ तिने माझ्या हातातून काढून घेतलं. पाणी धारेने नाही, चमच्याचमच्याने. बोटांनी आधी सगळ्याचे कपटे केले, मग मनगटाने रेटलं. पाच मिनिटांनी गोळा तुकतुकीत, परात कोरडी, आणि हात असे की पुसायलाही नकोत. तिन्ही स्वच्छ झाले तरच मळणं खरं, असं तिकडे म्हणतात. माझ्या आजीला हे पटलं असतं. फक्त आजीने मळताना सूर चढता की पडता हे विचारलं नसतं.

कारण त्याच संध्याकाळी आयी धुण्याबद्दल म्हणाली, "तीन हुओ काढलेत." कपडे का मळले, असं मी विचारलं. मळणंही तेच आणि मळणंही तेच, हा विनोद फक्त मराठीत होतो. आयी हसली नाही. आपण 'दोन पाण्यातून काढलं' म्हणतो ना, त्यातलं 'पाणी' म्हणजे हे अक्षर, पडत्या सुरात.

जानेवारीत तर कहर. यांगत्सेच्या दक्षिणेला सरकारी हीटिंगची सोय नाही, त्यामुळे घरात स्वेटर, त्यावर कोट, त्यावर रजई. आयीने निरोप पाठवला. दोन अक्षरं, पहिलं 'ऊब', दुसरं आपलं. मी वाचलं, 'ऊब आणि?' वाटलं, काहीतरी सोबत पाठवतेय. दहा मिनिटं दार उघडं ठेवून थंडीत उभा राहिलो. ती फक्त विचारत होती, ऊबदार वाटतंय ना? हा तो पुटपुटता.

रविवारी तिच्याकडे माजाँगचा अड्डा जमे. एकदा डाव रंगात असताना तिने सोंगट्या धाडकन आडव्या पाडल्या आणि किंचाळली, "हूऽ!" मला वाटलं उंदीर दिसला. ती जिंकली होती. जिंकल्याचं 'हू' आणि शांतीचं 'हअ' एकाच अक्षराने लिहितात, हे मला त्या चार बायकांचं हिशोबावरून भांडण चालू असताना कळलं.

ऑफिसात तऱ्हा वेगळी. साहेबांची तक्रार अशी, की मीटिंगमध्ये लोक नुसती री ओढतात. ते वाक्य पडद्यावरून वाचायचा मान मला मिळाला. 'री ओढणे'मध्ये हे अक्षर पडत्या सुरात; मी चढत्या सुरात ओढलं. कुणी काही बोललं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, म्हणजे साहेबांचं म्हणणं तिथल्या तिथे सिद्ध झालं. 'पातळ चिखल कालवणे' असाही एक वाक्प्रचार याच अक्षराने होतो. दोघे भांडत असताना कुणाचं बरोबर हे न ठरवता दोघांच्याही पाठीवरून हात फिरवायचा, त्याला म्हणतात. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी वीस वर्षं हेच करताहेत, आम्ही त्याला अनुभव म्हणत होतो.

ताइवानच्या सहकाऱ्याकडे दाद मागितली, तर तो म्हणाला, "आमच्याकडे 'आणि'ला आम्ही 'हान' म्हणतो." मी त्याच्याशी बोलणं कमी केलं. जपानचं तर विचारूच नका. ओसाकाजवळ इझुमी नावाचं शहर आहे, त्याच्या नावात हे अक्षर पहिलं लिहितात आणि मुळीच वाचत नाहीत. 713 साली हुकूम निघाला की प्रांतांची नावं दोन शुभ अक्षरांत लिहा; इझुमीला म्हणजे झऱ्याला एकच अक्षर पुरत होतं, म्हणून हे शोभेला बसवलं. लग्नपत्रिकेतल्या काकांसारखं: नाव छापायचं, विचारायचं काही नाही.

एकदा वैतागून शेजारच्या टेबलावरच्या मुलीला म्हणालो, "आमच्या मराठीत हे नाही. लिहितो तसंच वाचतो." तिने कागद पुढे सरकवला. मी मोठ्या तोऱ्यात 'जग' लिहिलं आणि अर्थ सांगितला, दुनिया. मग उत्साहात 'तू जग' लिहून वाचलं. तिने दोन्हींखाली रेघ मारली.
"हा ज आणि हा ज वेगळा ऐकू आला."
"हो, म्हणजे... वेगळाच आहे."
"लिहिताना फरक कुठे दाखवता?"
"दाखवत नाही. माहीत असावं लागतं."
आयी मला रोज हेच वाक्य ऐकवते.

सुचौतली एक कटकट मात्र अक्षराची नव्हती, माझ्या डोक्याची होती. टक्कल पूर्ण, त्यात मांस नको, अंडं नको म्हणायचं, मग प्रत्येक खानावळीत प्रश्न ठरलेला, "तू हअशांग आहेस का?" हअशांग म्हणजे बौद्ध भिक्षू, आणि त्या शब्दातलं पहिलं अक्षर कोणतं ते सांगायला नको. मी चिडून 'नाही' म्हणायचो. एका रात्री शब्दकोशात त्याचं मूळ पाहिलं. शब्द मध्य आशियाच्या वाटेने, तिथल्या बोलींत झिजत झिजत चीनला पोचलेला. मूळ संस्कृत: उपाध्याय.

मी दिवा लावून बसलो. उपाध्याय, उपाध्ये, पाध्ये.

पुढच्या रविवारी हानशान मंदिर पाहून बाहेर आलो. तिथल्या हानशान आणि शीद या दोघा अवलियांना चिनी लोक सलोख्याचे देव मानतात, त्यांच्या जोडनावातही हेच अक्षर. जवळच्या खानावळीत बिनमांसाच्या शेवया मागितल्या. वाढणारीने माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हअशांग?"

"हो," म्हणालो. "पिढीजात."

तिने दोन मश्रूम जास्त घातले.