साठीनंतरच्या साखरेचा तो फॉरवर्ड

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परवा तिसऱ्यांदा आला. ‘साठी ओलांडली की साखर थोडी वाढणारच. आता पथ्य-व्यायामाचा काही उपयोग नाही, ती तरुणांची कामं. त्या मधुमेह-प्रतिबंधाच्या वर्गात जाऊन बसण्यापेक्षा खा-प्या, मजा करा.’ खाली नमस्कारांची रांग, त्यात बाबांचाही अंगठा. म्हणून हे लिहितोय.

‘काही उपयोग नाही.’ साफ चूक. अमेरिकेतल्या डीपीपी (डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम) या मधुमेह-प्रतिबंधाच्या अभ्यासाचा निकाल २००२ साली छापून आला. ३,२३४ माणसं, सगळ्यांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. एका गटाला वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, असं लक्ष्य दिलं आणि ते कसं गाठायचं हे प्रशिक्षकांनी शिकवलं. नकली गोळी घेणाऱ्या गटाच्या तुलनेत त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. साठीपुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी! त्याच वयात मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने जेमतेम ११ टक्के फरक पडला. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने नेमकं उलटं धरलंय.

‘वाढणारच.’ यात थोडं तथ्य आहे. वयाबरोबर स्नायू झिजतात, आणि जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच ओढून घेतात. पण मग स्नायू राखायचे की सोडून द्यायचे? हेही खरं की उंबरठ्यावरच्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला मधुमेह होतोच असं नाही. काहींची साखर आपोआप खालीही येते. तेव्हा भीती घालून कुणाला वर्गात ढकलू नये. मी बाबांना घातली होती. त्यांनी ग्लुकोमीटर माळ्यावर टाकला.

काही जण म्हणतात, ‘आम्ही बारीक, आम्हाला काय गरज?’ चेन्नईच्या २००६ सालच्या अभ्यासात वजन फारसं न उतरताही आहार-व्यायामाने धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. त्यातली माणसं ३५ ते ५५ वयाची होती, एवढं ध्यानात ठेवा.

राहिलं गटात बसणं. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात वायएमसीए या व्यायामशाळा चालवणाऱ्या संस्थेत डीपीपीचाच कार्यक्रम तिथल्याच प्रशिक्षकांनी गटात घेतला. काही महिन्यांत गटातल्यांचं वजन ६ टक्के उतरलं, नुसता सल्ला मिळालेल्यांचं २ टक्के. २०१८पासून मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी विमा, अशा वर्गांचे पैसे भरतो.

आकडे जाऊ द्या. आई चहात तीन खारी बुडवायची. मी दोन वर्षं कटकट केली, ढिम्म. बागेतल्या आमच्या अशाच गटात एका काकूंनी सहज विचारलं, “तुम्ही किती खाता हो?” आईने “एकच” अशी थाप मारली, आणि मग ती निभवावी लागली. आता खरंच एक खाते.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोला, साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि आधीच वाळलेल्या सत्तरीतल्या माणसाने वजन उतरवायच्या नादात उपाशी राहू नये. डाळ, दही, अंडं पोटात जाऊ दे.

बाबा मंगळवारपासून यायला तयार झालेत. अट एकच, वजनकाटा सगळ्यांसमोर नको. गटातल्या ताई म्हणाल्या, झाडामागे ठेवू.